पाच माळांचा दिवा

आमच्या गावच्या देवीच्या पुजाऱ्यानं माझ्या मायला फसवलं. देवीच्या समोर बसून, देवीचं नाव घेऊन फसवलं. त्यात माझी माय गेली आणि मान पुजाऱ्याला मिळाला. हे मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. इतकी वर्षं का लिहिलं नाही तेही सांगणार आहे, कारण त्यात माझाही दोष आहे. आपला झाकून दुसऱ्याचा उघडा करायचा, असलं लिहिणं मला करायचं नाही.

माझा धंदा बैलांच्या खरेदी-विक्रीचा. पाटोद्यापासून धारूरपर्यंतचे बाजार मी पायी तुडवले. पंच्याखाली एकमेकांची बोटं धरून, तोंडानं न बोलता सौदे करण्यात माझा जन्म गेला. समोरचा तोंडानं काय बोलतो आणि त्याचा हात काय सांगतो, हे मला कळतं. खोटं बोलणाऱ्याचा मला संताप येतो आणि संताप आला की मला आवर नसतो, असं बाजारात म्हणतात. म्हणू द्या. पण त्या सकाळी माझ्या मायचा सौदा माझ्यापासून दोन हातांवर झाला आणि मला काही कळलं नाही.

मी पाळण्यात असताना बाप गेला. माय तेव्हा विशीतली. डोंगरातलं गवत कापायचं, भारा डोक्यावर घ्यायचा आणि दोन कोस चालून पाटोद्याला न्यायचा, ह्यावर तिनं मला वाढवलं. मंगळवारी आणि शुक्रवारी ती जेवत नसे. पहाटे उठून पहिल्यांदा देवळाचं अंगण झाडायची, सडा टाकायची, मग घरची चूल. देवीशी ती शेजारणीशी बोलावं तशी बोलायची. झाडता झाडता, "काल पोराला ताप हुता, तुला म्हणलंतं ध्यान ठिव, ठिवलंस, बरं केलंस," असं काहीतरी चाललेलं असायचं.

अंगणापर्यंतच. उंबऱ्याच्या आत तिनं कधी पाऊल टाकलं नव्हतं. विधवा बाईनं गाभाऱ्यात यायचं नाही, असा पुजाऱ्याच्या बापाच्या वेळेपासूनचा दंडक होता. नवरात्रात गावच्या बायका ओटी भरायला आत जायच्या तेव्हा त्यांची लेकरं सांभाळत माय बाहेर उभी असायची. एक कडेवर, एक पदराला धरून. लहानपणी मी एकदा विचारलं होतं, "माय, तुला कावून आत घेत न्हाईत?"

"मला इथून दिसती की. आत गर्दीत कुणाला काय नीट दिसत न्हाई."

पंधरा-सोळा वर्षांचा असताना मी पहिला बैल विकला. तो जुवाखाली बसत होता. मी ते सांगितलं नाही, शिंगांना तेल लावून, अंग चोळून चकचकीत करून विकला आणि घरी येऊन फुशारकी मारली. मायनं ताट वाढलं आणि ते माझ्यासमोरून उचलून घेतलं. "जा. त्याला सांगून ये. मग जेव." मी दोन कोस परत गेलो. घेणारा माझ्याकडं बघून हसला. त्याला खोड आधीच दिसली होती, बैल त्यानं ठेवून घेतला आणि पुढं जन्मभर बैल माझ्याकडूनच घेतले. माझ्या धंद्याची सुरुवात ही अशी. मी आपल्या हिंमतीवर वर आलो असं मी सगळ्यांना सांगतो. ह्या एवढ्यापुरतं ते खरं नाही.

मी विशीत असताना, आश्विन महिन्यात गाठीचा रोग आमच्या भागात आला. तलवाड्याकडून येणारी माणसं सांगायची की तिकडं घरंच्या घरं बसली. आधी उंदीर पडतात, मग माणसाला ताप येतो, काखेत नाहीतर जांघेत गाठ येते आणि दोन-तीन दिवसांत खेळ आटोपतो. ऐकून आम्ही माना हलवायचो. आपल्या गावाला देवी आहे, असं म्हणायचो.

नवरात्राच्या तिसऱ्या माळेला माझी बायको पीठ मळत होती. आढ्यावरून एक उंदीर काठवटीशेजारी पडला. पळाला नाही. दारू प्यायल्यासारखा गोल गोल फिरला, तिच्या पायाशी आला आणि उताणा झाला. बायको ओरडली नाही. तिनं पीठ तसंच टाकलं, तीन महिन्यांची पोरगी पाळण्यातून उचलली आणि अंगणात जाऊन उभी राहिली. मी विचारलं तर म्हणाली, "मी आता आत येत न्हाई." त्या घरात ती पुढं गाव परत वस्तीला येईपर्यंत आली नाही.

त्याच दिवशी पाटोद्याहून मोगलाई सरकारचा माणूस घोड्यावर आला. चावडीसमोर घोड्यावरूनच बोलला. "कल दोपहर तक गाँव खाली होना. कोई अंदर मिला तो पकड के ले जाना." खाली उतरून पाणीसुद्धा प्यायला नाही. त्याला घाई झालेली बघून आम्हाला खरी भीती वाटली.

चौथ्या माळेच्या सकाळी गाव निघालं. गाड्या, गुरं, पाटे-वरवंटे, कोंबड्यांच्या डालग्या. जो तो आपापल्या शेतात खोपी घालायला चालला होता. मी बायको-पोरीला शेतावर सोडून मायला न्यायला परत आलो. ती देवळाचं अंगण झाडत होती, रोजच्यासारखी. पुजारी ओट्यावर बसला होता. त्याचं गाठोडं खांबाआड ठेवलेलं मला दिसलं.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. देवीच्या दिव्यासाठी पुजाऱ्याच्या घराण्याला जमीन होती. नवरात्रात नऊ दिवस दिवा विझू द्यायचा नाही, ही त्याची अट. विझला तर पूजा आणि जमीन दोन्ही भावकीकडं जाणार, आणि त्याचे चुलतभाऊ त्यासाठी टपूनच बसलेले. त्यामुळं त्यानं पाटलाला सांगून ठेवलं होतं, समदं गाव गेलं तरी मी ऱ्हातो, देवीला एकली सोडणार न्हाई. पाटलानं त्याला एकट्याला गुपचूप मुभा दिली होती. गाव त्याच्या पाया पडून गेलं होतं.

"बाई," तो मायला म्हणाला, "मी ऱ्हातो म्हणलो खरं. पर सपनात देवी आली. म्हणली, तुझ्या हातचं तेल नगं. कुणाचं पायजे ते सांगितलं न्हाई. आता तिलाच इचारू."

"मला काय सांगता बुवा. मी भाईर झाडणारी."

"ते तिला ठरवू द्या की."

मी मधे पडलो. "बुवा, गावात उंदरं पडायलेत. माझी माय निघाली शेतात."

"निघू दे ना बे. कौल झाला की निघ. देवीला इचारायला तुझी परवानगी लागती का?"

आमच्याकडं कौल असा लावतात. देवीच्या उजव्या आणि डाव्या खांद्यावर फुलाची एकेक पाकळी पाण्यानं चिकटवायची, प्रश्न विचारायचा, आणि आधी कोणती पडते ते बघायचं. लग्न जमवण्यापासून विहीर खोदण्यापर्यंत आमचं गाव पाकळीवर चालायचं. पुजाऱ्यानं गाभाऱ्यात जाऊन झेंडूच्या फुलाच्या पाकळ्या सोडवल्या. समोर पाण्याचा तांब्या होता आणि एक वाटी होती. एक बोट तांब्यात गेलं, दुसरं वाटीत. हे मी पाहिलं. वाटीत पंचामृत असेल म्हणून सोडून दिलं.

"आई, ह्या बाईच्या हातचा दिवा तुला चालत असंल तर उजवी दे. न्हाईतर डावी दे, मी मरतो हितंच."

उजवी पाकळी लगेच पडली. माय उंबऱ्याबाहेर उभी होती. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ती घाबरली असं मला वाटलं. हात काढले तेव्हा ती रडत होती, पण भीतीचं रडणं नव्हतं ते. वीस वर्षं जिनं दारात उभं केलं तिनं आज आत बोलावलं होतं.

मी पुजाऱ्याच्या अंगावर गेलो. "माझ्या मायला ह्या मसणात ठिवून तू चाललास व्हय?"

"मी न्हाई बे, देवी ठिवायली. भांडायचं तर तिच्यासंगं भांड." मग मायकडं वळून त्यानं भराभर अटी सांगितल्या. मूर्तीला हात लावायचा नाही. माळ बांधायची नाही, राहिलेल्या माळा तो दसऱ्याला येऊन एकदम बांधील. फक्त तेल घालायचं आणि वात सारायची. आणि हे कुणाला बोलायचं नाही, कौल गुपित असतो. एवढं सांगून गाठोडं उचललं आणि मागच्या वाटेनं डोंगरापलीकडं मेव्हण्याच्या वाडीवर निघून गेला. त्याची बायको-पोरं तिथं आदल्याच दिवशी पोचली होती, हे मला नंतर कळलं.

मायनं पाय दोनदा धुतले. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला. नवी सून वाकून घरात शिरावी तशी ती आत गेली. मी अंगणात उभा होतो. दुपार होत आली होती आणि गावात मला स्वतःच्या श्वासाशिवाय काही ऐकू येत नव्हतं.

त्यानंतरच्या दिवसांची भीती मी कधी कुणाला नीट सांगू शकलो नाही. मी सकाळी ऊन वर आल्यावर भाकरी बांधून गावात जायचो आणि दिवस मावळायच्या आत शिवेबाहेर पडायचो. रात्री माय एकटी असायची. मी राहिलो नाही. पोरगी लहान आहे, बायको एकटी आहे, असं मी तिला सांगायचो. ते खरं होतं, पण कारण ते नव्हतं.

भर उन्हात ओसाड गाव काय असतं ते मी तेव्हा पाहिलं. दारांना बाभळीच्या काट्या लावलेल्या. कुणाची तरी विसरलेली कोंबडी घरांच्या छपरांवरून फिरायची. एका घरात पाळण्याची दोरी वाऱ्यानं कुरकुरायची, मला कळत होतं की वाऱ्यानंच, तरी मी त्या गल्लीतून जायचं सोडलं. नालीच्या कडेला उंदीर पडलेले, पोटं फुगलेली. त्यांना ओलांडायला नको म्हणून मी भिंतीला घासून चालायचो, मग भिंतीला लागलो म्हणून अंग झटकायचो. चार पावलांवर काखेत हात घालून चाचपायचो. गाठ नाही. पुन्हा चार पावलं.

भाकरी मी अंगणाच्या कट्ट्यावर ठेवायचो आणि दहा पावलं मागं सरायचो. मग माय येऊन उचलायची. हा नियम तिनं केला नव्हता, मी केला होता. तिला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. उलट ती मजेत होती. "आत दिव्याच्या उजेडात तिची नथ हलल्यावानी दिसती," असं सांगायची. मी ऐकायचो आणि तिचे डोळे तांबारलेत का ते बघायचो.

शेतात परतल्यावर बायको मला विहिरीवरच अडवायची. "आंघूळ केल्याबिगर हिकडं येऊ नगा. धोतर तितंच टाका."

"सकाळी केली ना."

"सकाळची सकाळी. आता तुमी कुठून आलाव?"

तिचं बरोबर होतं. तरी मी तिच्यावर ओरडायचो, ती पोरीला छातीशी धरून लांब उभी राहायची, आणि मी थंड पाण्यात कुडकुडत पुन्हा काखा चाचपायचो.

सातव्या माळेला मी गेलो तेव्हा माय विहिरीवर गेली होती. देवळात कुणी नव्हतं. दिवा बघावा म्हणून मी दारातून डोकावलो. उन्हाची तिरीप आत शिरली होती आणि तांबड्या मुंग्यांची एक रांग मूर्तीच्या अंगावरून डाव्या खांद्याकडं चालली होती. तिथं झेंडूची पाकळी होती. चौथ्या माळेची. वाळून तिचा चोळामोळा झाला होता, पण पडली नव्हती. मायला मूर्तीला हात लावायची बंदी, म्हणून ती तशीच राहिली होती. मी आत गेलो आणि पाकळीला नख लावलं. निघेना. ओढून काढली आणि बोट जिभेला लावलं. गूळ होता. वाटीत पंचामृत नव्हतं, गुळाचा घट्ट पाक होता. डावी पाकळी पडणारच नव्हती.

 मी विकलेल्या त्या पहिल्या बैलाच्या शिंगांना लावलेलं तेल मला आठवलं. हा तोच प्रकार होता आणि मला तो ओळखता आला नव्हता, कारण तो देवीच्या अंगावर केलेला होता.

माय घागर घेऊन आली. मी सगळं सांगितलं, बोट दाखवलं, मुंग्या दाखवल्या. त्या दिवशी पहिल्यांदा मी दहा पावलांचा नियम विसरलो. "फसवलं तुला त्यानं. कौल खोटा हाय. चल आता. आत्ताच चल."

तिनं घागर खाली ठेवली. मुंग्यांकडं बराच वेळ बघितलं. तिचा चेहरा जरा उतरला, ते मला दिसलं. मग म्हणाली, "गूळ लावलाय खरा."

"मग?"

"मग देवीनं लावू दिला का न्हाई त्याला? तिला नगं असतं तर उजवीबी पाडली नसती तिनं."

"अगं, ती पाण्यानं लावलेली. पाणी वाळलं का पडणारच ती."

"लौकर पडली ना पर? तू बी पाह्यलंस. पाणी वाळायच्या आधी पडली."

माझं डोकं फिरलं. मी तिला दंडाला धरून ओढलं. ती खाली बसली. उचलायला गेलो तर म्हणाली, "मला नेशील तू उचलून. तुझ्या अंगात जोर हाय. पर वात आता खाली गेलीय, तेल कोण घालील? इझला तर दोष माजा, गुळाचा न्हाई."

तिच्याशी कधी मला सौदा करता आला नाही. तरी मी शेवटची बोली लावली. "तू शेतात जा. मी बसतो दिव्यापाशी. दोनच माळा ऱ्हायल्यात. मी घालतो तेल."

तिनं माझ्याकडं बघितलं. मी पण तिच्याकडं बघत होतो. तोंडानं मी बोललो ते बोललो, पण मनात एकच होतं, की हिनं नाही म्हणावं. पंच्याखालची बोटं जशी दुसऱ्याला कळतात तसं ते तिला कळलं. "लेकरू बारीक हाय तुजं," ती म्हणाली आणि घागर उचलून आत गेली. मी सुटलो. एवढं हलकं मला आधी कधी वाटलं नव्हतं, आणि त्या हलकेपणाची मला पुढं जन्मभर लाज वाटत आली.

आठव्या माळेला ती भाकरी घ्यायला बाहेर आली तेव्हा डावा पाय ओढत होती. बैल शंभर पावलांवरून चालताना बघून कुठल्या पायात काय आहे ते मी सांगतो. तिच्या जांघेत काय आहे ते मला त्याच क्षणी कळलं.

"पाय कावून लंगडतो?"

"विहिरीवर मुरगाळला."

मी पुढं विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, आणि सांगितलं असतं तर मला काहीतरी करावं लागलं असतं. भाकरी तिनं उचलली नाही. उपास आहे म्हणाली. वार मंगळवार नव्हता, शुक्रवारही नव्हता.

नवव्या माळेला ती बाहेर आलीच नाही. मी अंगणातून हाका मारल्या. आतून तिचा आवाज आला, "तेलाची बुधली तेवढी जवळ सरकीव. लांब ऱ्हायली." मी दारात उभा राहिलो. आत पाऊल टाकायला मला किती वेळ लागला ते मला ठाऊक नाही. शेवटी नाकाला धोतराचा सोगा लावून आत गेलो. ती समईच्या शेजारी भिंतीला टेकून बसली होती. डोळे रक्तासारखे लाल. बुधली तिच्या हातात देताना तिचा हात माझ्या मनगटाला लागला. तव्यासारखा भाजत होता. मी बाहेर आलो, विहिरीवर गेलो आणि ते मनगट राखेनं इतकं घासलं की कातडी निघाली. घासताना मी मोठमोठ्यानं रडत होतो. मायसाठी की मनगटासाठी, हे मला त्या वेळी सांगता आलं नसतं.

दसऱ्याच्या दिवशी उन्हं वर आल्यावर, मी अंगणात असताना, पुजारी आला. तोंडाला फडकं, फडक्यात कडुलिंबाचा पाला. देवळाच्या भिंतीबाहेर उभा राहून ओरडला, "दिवा हाय का?"

आतून माय म्हणाली, "हाय."

"मग बाई, आता तुमी भाईर या."

ती भिंत धरत धरत आली. उंबरा ओलांडताना तिनं वाकून त्याला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला. ओट्यावर बसली ती बसलीच. तिच्या देखत पुजाऱ्यानं त्या उंबऱ्यावर पाणी ओतलं, गोमूत्र शिंपडलं, ती बसली होती त्या जागेवर शेणकाला टाकला. मग टोपलीतून झेंडूच्या पाच ताज्या माळा काढल्या आणि चार वाळलेल्या माळांच्या शेजारी एकेक करून बांधायला लागला.

मी त्याच्या मानगुटीला धरलं. त्याचं फडकं गळून पडलं. तो ओरडला, "सोड बे, तुझ्या अंगाला बी लागलं असंल ते." तेवढ्यानं माझा हात ढिला पडला, हे मी लपवत नाही. आणि माय ओट्यावरून म्हणाली, "सोड त्याला. बांधू दे. तिच्या माळा ऱ्हायल्यात."

मी तिला पाठीवर घेऊन शेतात नेलं. बायकोच्या खोपीपासून लांब, बांधाच्या पलीकडं एक छप्पर घातलं. तिथं ती दोन दिवस होती. पहिला दिवस मी पाणी काठीनं पुढं सरकवलं. दुसऱ्या दिवशी तिला तांब्या धरता येईना, तेव्हा मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. भीती गेली नव्हती. सगळी भीती तशीच असताना घेतलं. ती शुद्धीत होती. म्हणाली, "आतून लई बारकी दिसती रं ती. भाईरून केवढी वाटायची." आणि जरा हसली. संध्याकाळच्या आत गेली. जाळायला मी आणि एक शेजारी, दोघंच. तो पण लांबून.

दोन-अडीच महिन्यांनी गाव परत वस्तीला आलं. चावडीवर माणसं जमली. पाटलानं पुजाऱ्याला फेटा बांधला. समद्या गावानं पाठ फिरवली, पण ह्या माणसानं मरणाच्या दारात बसून देवीचा दिवा राखला, असं पाटील बोलला. पुजाऱ्यानं मान खाली घातली होती. लोकांना वाटलं विनयानं.

मी उठलो. "खोटं हाय. हा माणूस..."

पाटलानं मला तिथंच थांबवलं, बाजूला नेलं. माझ्या बोलण्याआधीच त्याला सगळं ठाऊक असावं. हळू बोलला, बापासारखा. "तुझी माय आत ऱ्हायली म्हणशील. बरं. विधवा बाई नवरात्रात पाच दिवस गाभाऱ्यात ऱ्हायली, असं तू चावडीवर सांगशील. त्याच्यावर खोपींत गावची इतकी माणसं गाठीनं मेली. लोक कशाला कशाचं नाव देतील, इचार कर. मेलेल्या बाईच्या माथी ते कावून घालतोस?"

बाजारात मी कुणाच्या बापाला ऐकलं नाही, पण तिथं मी गप्प बसलो. माझ्या मायनं गावावर रोग आणला असं लोक म्हणतील, ह्या एका भीतीनं माझं तोंड तेव्हापासून बंद ठेवलं. मी गाव सोडलं, पाटोद्याला आलो, धंदा वाढवला. गावची माणसं बाजारात भेटतात. अजून सांगतात की दर नवरात्रात पाचव्या माळेपासून बायका त्या पुजाऱ्याचे पाय धुतात आणि तो ते पाच दिवस कसे काढले त्याची गोष्ट सांगतो. नथ हलल्यासारखी दिसते, हेही सांगतो म्हणे. ते त्याला मायनं दसऱ्याला ओट्यावर बसल्या बसल्या सांगितलं होतं. मी तिथं होतो.

आता माझे केस पिकले. मोगलाई गेली, तो पाटील गेला, ती मोठी भीतीही बरीचशी झिजली. उरलं ते मी स्वतःच इथं लिहून टाकलं आहे: मी रात्री राहिलो नाही, मी विचारलं नाही, मी मनगट घासलं. माझ्या वाट्याचं मी दिलं. माय गाभाऱ्यात गेली होती, पाच दिवस राहिली होती, आणि त्याला कुणाला पाप म्हणायचं असेल तर तिला आत घालणाऱ्याचं नाव आधी घ्यावं लागेल.

तो पुजारी अजून जिवंत आहे. डोळ्यांनी दिसत नाही, पण बोलतो नीट. येत्या नवरात्रात पाचव्या माळेला, बायका त्याचे पाय धुवायला जमतील तेव्हा, मी देवळाच्या अंगणात येणार आहे. त्यानं देवीच्या पायावर हात ठेवावा आणि गावाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगावं, की त्या पाच दिवसांत दिव्याला तेल कुणी घातलं. त्याच्या लेकानं त्याच्या वतीनं बोलू नये, गावानं म्हातारा आहे म्हणून मधे पडू नये. मायला त्यानं विचारलं होतं, दिवा हाय का, आणि तिनं मरताना खरं उत्तर दिलं. आता मी विचारतो आहे. उत्तर त्यानंच द्यायचं.